खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ: औषध न घालता कसं आवरायचं?

शिंपली | ९ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावर राहते. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. खाली कपाटात दोन फुटांचा सम्प (पाणी गाळायची खालची टाकी), त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र). टाकीला सात महिने झाले. दोन क्लाउन मासे, एक पिवळा गोबी मासा, सात-आठ हर्मिट खेकडे. प्रवाळ अजून एकही नाही, धीर होत नाही.

डिसेंबरपर्यंत दगडांवर तुरळक हिरवं होतं. 'नवी टाकी आहे, होतंच असं' म्हणून सोडून दिलं. जानेवारीपासून मात्र ते जे उसळलंय! बोटभर लांबीचे हिरवे केस, पंपाच्या झोतात हलत असतात. दर रविवारी दगड बाहेर काढून दात घासायच्या ब्रशने घासते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पाण्यातली शेवाळाची खतं किटवर मोजली तर नायट्रेट ५ पीपीएम येतं, फॉस्फेट शून्य येतं. मग हे शेवाळ जगतंय कशावर?

दुकानात एक बाटली दाखवली, 'चार थेंब टाका, आठवड्यात साफ'. मला ते नकोय. बाबांचं जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते दिवसभर त्या टाकीसमोर बसलेले असतात. त्यांचा सगळा जीव त्या दोन क्लाउनमध्ये आहे. माशांना काही झालं तर मला ते बघवणार नाही. नैसर्गिक मार्गाने ज्यांनी हे आवरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहाबाज | ९ मार्च, रात्री १०:०२

बाटली घेतली नाहीत हे उत्तम केलंत. वाचतोय.

दर्यावर्दी | ९ मार्च, रात्री ११:१५

शिंपली, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. 'फॉस्फेट शून्य' हा आकडा तुम्हाला फसवतोय. एवढं शेवाळ वाढतंय म्हणजे फॉस्फेट येतंय नक्की, पण पाण्यात उतरल्या उतरल्या शेवाळ ते गिळून बसतं. किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शिवाय रंग जुळवायच्या साध्या किटवर ०.१ च्या खालचं डोळ्यांना कळतच नाही. कमी पल्ल्याचा डिजिटल मीटर मिळाला तर एकदा मोजा. दगड घासल्यावर दुसऱ्या दिवशी मोजलंत तर खरं चित्र दिसेल.

उलट चूकही करू नका. फॉस्फेट आणि नायट्रेट खरोखर शून्यावर आणायला गेलात तर शेवाळाच्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतात, तपकिरी, तंतूसारखे, बुडबुडे धरलेले. त्यांच्यापुढे हे हिरवे केस परवडले. माझ्या टाकीत मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास ठेवतो, गेली सहा वर्षं.

आता चार प्रश्न. पाणी कुठलं वापरता? दिवा किती तास? खायला किती वेळा? दगड कुठून आणले?

शिंपली | १० मार्च, सकाळी ७:३०

पाणी घरच्या आरओचं, स्वयंपाकघरातलंच. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४५ दाखवतं, प्यायला छान आहे. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, फेब्रुवारीपासून सुरू झाला. दिवा सकाळी दहा ते रात्री दहा. टाकीवर पश्चिमेच्या खिडकीतून चारनंतर ऊन येतं. खाणं दिवसातून दोनदा, चिमूटभर. दगड कोरडे, एकांनी छंद सोडला त्यांच्याकडून घेतले.

भरती_ओहोटी | १० मार्च, सकाळी ९:१०

बारा तास दिवा आणि वर मावळतीचं ऊन! आधी पडदा लावा. दिवा आठ तासांवर आणा. हे फुकटचं काम आहे आणि आजच होतं.

ठिबक | १० मार्च, दुपारी १:२५

पाणी हा माझा कामाचा विषय आहे म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पुण्याला खडकवासला साखळीतून येणारं पाणी तसं मऊ असतं. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, आणि आपल्याकडे जमिनीखाली सगळा काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कठीणपणा असतोच, सिलिकाही भरपूर असते. ही सिलिका डायटमचं, म्हणजे काचेवर येणाऱ्या त्या तपकिरी धुळीचं खाद्य. आसपास शेती असेल तर नायट्रेटही येतं.

घरच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो. पाण्याला चव राहावी म्हणून तो थोडं पाणी आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून न नेता तसंच मिसळतो. म्हणजे तुमच्या ४५ मध्ये टँकरचं मूळ पाणी आहे. आता हिशेब करा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तीन फुटी टाकीतून दिवसाला तीन लिटर सहज उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, आतलं सगळं आतच राहतं. तुम्ही रोज तीन लिटर भर घालता. सहा महिन्यांत ५४० लिटर, प्रत्येक लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, म्हणजे २४ ग्रॅम विरघळलेला ऐवज टाकीत साठला. तो सगळा शेवाळाचं खत नाही, पण त्यात खत आहे.

उपाय असा. कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या, किंवा टाकीसाठी वेगळं आरओ घेऊन त्याच्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) नळी जोडा. मीटरवर ० यायला हवा. आणि एक बारकावा: रेझिन थकलं की सगळ्यात आधी सिलिका सुटते, टीडीएस मीटर तेव्हाही ०च दाखवत असतो. काचेवर पुन्हा तपकिरी धूळ दिसायला लागली की मीटरची वाट न बघता रेझिन बदला.

खाडीकाठ | १० मार्च, दुपारी ३:००

एवढं कशाला? महिन्यातून एकदा कोकणात जा, हरिहरेश्वरहून दोन कॅन भरून आणा. अस्सल समुद्राचं पाणी!

दर्यावर्दी | १० मार्च, दुपारी ४:४०

खाडीकाठ, मीही हे दोन वर्षं केलंय. आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, गाळाचं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा घसरतो. सांडपाणी आणि बोटींचं तेल वेगळंच. खोल समुद्रातलं मिळालं तर गोष्ट निराळी, पण किनाऱ्यावरून कॅन भरणं म्हणजे खत विकत न घेता आणणं. समुद्री मीठ मिसळून १.०२५ घनतेला आणलेलं डीआयचं पाणीच बरं.

पुणेरी_मासा | १० मार्च, रात्री ८:१५

तुम्ही सगळे पाण्यातच अडकलात. शेवाळ खाणारा आणा की! लॉनमोअर ब्लेनी. नावातच गवत कापायचं यंत्र आहे. माझ्याकडच्याने पंधरा दिवसांत दगड चाटून पुसून काढले.

रुईचंपा | १० मार्च, रात्री ८:५०

आणि सोळाव्या दिवशी काय खाल्लं त्याने? मी मनापासून विचारतेय. माझा ब्लेनी शेवाळ संपल्यावर हळूहळू रोडावत गेला. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शैवालाची) पट्टी लावली, गोळ्या टाकल्या, तोंड लावलं नाही. चार महिन्यांत गेला. पोट आत गेलेला तो मासा अजून डोळ्यांसमोर येतो. ज्याला आपण कामासाठी आणतो त्याचं काम संपल्यावर त्याचं काय, याचा विचार आणायच्या आधी करायला हवा.

पुणेरी_मासा | १० मार्च, रात्री ९:२०

रुईचंपाताई, हे खरंय. माझा नोरी खातो, म्हणून मला प्रश्न आला नाही. दुकानातच खाताना बघून घ्यावा एवढी दुरुस्ती करतो.

सागरगोटा | ११ मार्च, सकाळी ६:५०

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. 'खाणारा प्राणी' या मुद्द्याला जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

कॅरिबियन समुद्रात डायडेमा अँटिलॅरम नावाचा लांब काट्यांचा अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी, असतो. दिवसा कपारीत बसतो, रात्री बाहेर पडून प्रवाळांवरचं शेवाळ खरवडतो. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ हे अर्चिन मरायला लागले. वर्षभरात ही साथ जवळजवळ सगळ्या कॅरिबियनभर पसरली आणि शंभरातले ९० हून जास्त अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे मासेमारीने आधीच संपत आलेले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडलेले होते. उरलेला राखणदार हा अर्चिनच होता. तो गेल्यावर १९७० च्या दशकात निम्म्या खडकावर असलेले जिवंत प्रवाळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले. सगळीकडे शेवाळ. २०२२ मध्ये अर्चिनांवर पुन्हा तशीच साथ आली, त्या वेळी कारण सापडलं: एक सूक्ष्म केसाळ एकपेशी जीव.

म्हणून माझं मत, खाणारे हवेतच, पण एकाच्या भरवशावर राहू नये. वेगवेगळ्या तोंडांचे हवेत. गोगलगाई काचेवरची पातळ साय खातात, बोटभर लांब केस त्यांना झेपत नाहीत. ते आधी हाताने उपटावे लागतात. सेरिथ जातीच्या गोगलगाई वाळूत शिरतात. टक्सिडो अर्चिन दगड खरवडतो, पण सुट्टे शंखशिंपले पाठीवर घेऊन हिंडतो, त्यामुळे घरात काय कुठे ठेवलंय ते रोज बदलतं! आणि सर्जन मासे, म्हणजे टँग, तीन फुटी टाकीत मुळीच आणू नका. त्यांना पोहायला लांबी लागते.

चहाबाज | ११ मार्च, सकाळी ८:०५

सर, सुरेख लिहिलंत. पाठीवर शिंपले घेऊन फिरणारा अर्चिन म्हणजे लग्नघरातला मामा.

भरती_ओहोटी | ११ मार्च, सकाळी ११:३०

सी हेअरबद्दल (शेवाळ खाणारी समुद्री गोगलगाय) कुणी सांगेल म्हणून वाट बघत होते. खातो प्रचंड, माझ्या मैत्रिणीने आणलेल्याने आठवड्यात टाकी भादरली. पण पंपात अडकला आणि जांभळी शाई सोडली. रात्री दोनला उठून निम्मं पाणी बदललं आम्ही. पंपाच्या तोंडाला स्पंज लावल्याशिवाय आणू नये.

मुठाकाठ | ११ मार्च, दुपारी १२:४५

माझ्याकडे टाकी नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही जे बोलताय ते आम्ही दर उन्हाळ्यात मुळा-मुठेत बघतो. जलपर्णी! पाषाण तलाव बघा, कात्रजचा बघा. मशीन लावून काढतात, पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा गालिचा. सांडपाणी येतंय तोवर पर्णी येणार. काढलेली पर्णी काठावरच कुजवली तर तिच्यातलं सगळं परत पाण्यात.

दर्यावर्दी | ११ मार्च, दुपारी १:३०

मुठाकाठ, टाकी नसून तुम्ही नेमकं बोललात. शेवाळ म्हणजे पाण्यातलं जास्तीचं खत दृश्य रूपात. ते उपटून टाकीबाहेर नेलं तर खत बाहेर गेलं. औषधाने जागच्या जागी मारलं तर कुजून खत पुन्हा पाण्यात, वर प्राणवायू कमी होतो तो वेगळा. शिंपली, म्हणून त्या बाटलीला माझा विरोध आहे.

पुढची पायरी अशी की शेवाळाशी भांडत बसण्यापेक्षा त्याला आपल्या सोयीची जागा द्यायची. सम्पमध्ये एक कप्पा रिकामा आहे ना? त्यात कीटोमॉर्फा ठेवा, हिरव्या तारेच्या घासणीसारखं दिसणारं मोठं शैवाल. त्याचा दिवा रात्री लावा, टाकीचा दिवा बंद असताना. रात्री टाकीचा पीएच उतरतो, तोही त्यामुळे सावरतो. दोन आठवड्यांनी निम्मा गोळा काढून टाकायचा. कॉलर्पा मात्र नको, ती कधी कधी एका रात्रीत जननपेशी सोडून पांढरी पडते आणि साठवलेलं सगळं पाण्यात ओतते.

खटपट्या | ११ मार्च, संध्याकाळी ६:२०

कीटोपेक्षा स्क्रबर. स्मिथसोनियनमधल्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास ही कल्पना आणली: खरखरीत जाळीवरून पातळ पाणी वाहू द्यायचं, भरपूर उजेड द्यायचा, शेवाळ तिथेच वाढतं, आपण खरवडून फेकायचं.

मी बोहरी आळीतून भरतकामाची प्लास्टिकची जाळी आणली, करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू ओरखडून खरखरीत केल्या. वर पीव्हीसी पाइपला चीर पाडली, जाळी त्या चिरेत अडकवली. दोन्ही बाजूंना ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी. माप असं धरतात: रोज बर्फात गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल तर १२ चौरस इंच जाळी, आणि जाळीच्या रुंदीच्या प्रत्येक इंचामागे तासाला साधारण १३० लिटर पाणी. पहिले तीन-चार आठवडे तपकिरी घाण येईल, ती फेकायची आणि धीर धरायचा. मग हिरवं येतं. दर आठवड्याला जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं.

दर्यावर्दी | ११ मार्च, संध्याकाळी ७:००

खटपट्या, स्क्रबर चांगलाच आहे, पण पाणी उडतं, शिंतोड्यांचं मीठ कपाटभर बसतं. नवख्याला कीटो सोपं.

खटपट्या | ११ मार्च, संध्याकाळी ७:१०

ॲक्रिलिकचा डबा केला की शिंतोडे नाहीत. आणि कीटोत कचरा अडकून कुजतो त्याचं काय? माझं दोनदा तसं झालं.

बिनपाण्याचा | ११ मार्च, रात्री १०:३०

कुणी व्होडका घालतात असं ऐकलंय. खरंय?

दर्यावर्दी | ११ मार्च, रात्री ११:००

खरंय. व्होडका किंवा पांढरं व्हिनेगर थेंबाथेंबाने वाढवत नेतात. त्यातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट घेतात, आणि स्किमर त्या जिवाणूंना बाहेर काढतो. घाईने वाढवलं तर जिवाणू प्राणवायू संपवतात, पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन धापा टाकतात. शिंपलीने यात पडू नये.

चहाबाज | १२ मार्च, सकाळी ७:४५

मासे तरी पितात बिचारे मापात.

खाडीकाठ | १२ मार्च, सकाळी १०:१५

पाण्याबद्दल पटलं. पण कोरड्या दगडांऐवजी मालवणकडचे जिवंत (समुद्रातून जिवाणूंसकट काढलेले) दगड मिळाले तर टाकी लवकर बसते ना? एक जण देतो म्हणतोय.

सागरगोटा | १२ मार्च, सकाळी ११:४०

नको, कळकळीने सांगतो. दगड बनवणारे सगळे कठीण प्रवाळ, सी फॅन, काळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. सी कुकंबरसुद्धा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा सोडा, तो दगड तिथे कुणाचं तरी घर आहे. कोरड्या दगडांची टाकी पूर्ण मुरायला बरेच महिने लागतात, लागू द्या.

रुईचंपा | १२ मार्च, दुपारी २:२०

शिंपली, मी तुझी पहिली पोस्ट पुन्हा वाचली. डिसेंबरपर्यंत तुरळक, जानेवारीत उसळलं. टँकर फेब्रुवारीत आला. मग जानेवारीत काय बदललं? त्याच पोस्टमध्ये तू लिहिलंयस, बाबा जानेवारीपासून दिवसभर टाकीसमोर असतात.

त्यांना दुखावू नकोस, पण खाद्याचा डबा एकदा बघ.

शिंपली | १२ मार्च, रात्री ९:५५

रुईचंपाताई, डबा बघितला. दोन महिने पुरायचा तो तीन आठवड्यांत तळाला गेलाय. बाबांना सहज विचारलं. म्हणाले, "अगं, मी आलो की ते काचेशी येतात. तोंड उघडून मागतात. चहाबरोबर एक बिस्किट आपणही खातोच की." सकाळचा चहा, अकराचा, दुपारचा, सातचा. मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. एवढ्या दिवसांत त्यांच्याकडे मागत येणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

थांबा म्हणवत नाहीये मला.

सागरगोटा | १३ मार्च, सकाळी ६:३०

थांबवू नका. मीही त्याच वयाचा आहे. चार वेळा घालू दे, पण दिवसाचा कोटा एका छोट्या डबीत सकाळी काढून ठेवा, तेवढ्यातच चार भाग. गोठवलेलं असेल तर गाळणीत धुऊन, त्याच्या पाण्यातही फॉस्फेट असतं. माशांना थोडं थोडं चार वेळा हे एकदम दोनदापेक्षा मानवतं.

आणि त्यांना दुसरं कामही द्या.

शिंपली | १९ जुलै, रात्री ८:३०

मंडळी, चार महिन्यांनी येतेय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सगळं सांगते.

पडदा त्याच दिवशी लावला, दिवा आठ तास. डीआयची नळी जोडली, मीटरवर ० आल्याशिवाय टाकीत थेंब घालत नाही. डिजिटल मीटरने दगड घासल्यावर मोजलं तर फॉस्फेट ०.२१! 'शून्य' म्हणत होते मी. दर रविवारी पाणी बदलताना काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीतच दगड घासले, केस उपटून बाहेर. दगडांनी आधीच्या मालकाकडचं फॉस्फेट पोटात धरलेलं असणार, कारण दोन महिने आकडा खाली जाऊन पुन्हा वर यायचा. तेव्हा खूप निराश झाले होते. मे महिन्यात वाळूवर लाल साय आली, ती शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू, असं ठिबक यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं. तिथला पंप वळवून झोत दिला, नळीने साय ओढून काढली, तीन आठवड्यांत गेली.

कीटो की स्क्रबर, यात स्क्रबर घेतला. कारण बाबा. खटपट्या यांच्या मापाने ४ गुणिले ६ इंचाची जाळी, डब्यासकट. पहिला महिना नुसता चिखल. मग एका रविवारी जाळी उचलली तर हिरवीगार लव. ती जाळी मी ताटात काढून देते, बाबा खुर्चीत बसून कार्डाने खरवडतात, पिळतात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतात आणि वहीत लिहितात. मागच्या रविवारी १४० ग्रॅम. "एवढं माशांच्या घरातून बाहेर काढलं बघ," म्हणाले. धुऊन कुंडीत घालू का विचारत होते.

डबीतलं खाणं चार वेळा, चहाबरोबरच. सहा सेरिथ, एक टक्सिडो अर्चिन आणला. त्याच्या पाठीवर सध्या एक शिंपला आणि आईच्या तुटलेल्या बांगडीचा तुकडा आहे, तो टाकीत कसा गेला कुणाला माहीत नाही. फॉस्फेट ०.०७, नायट्रेट ६. दगडांवर कोपऱ्यात थोडे केस आहेत, बोटभर नाहीत, नखाएवढे.

ठिबक | १९ जुलै, रात्री ९:०५

मस्त! कुंडीत घालायचं तर दोन-तीनदा गोड्या पाण्यात खळखळून धुवा, नाहीतर मिठाने झाड जाईल. कढीपत्त्यावर प्रयोग नको, एखाद्या रिकाम्या कुंडीत मातीत मिसळून बघा.

रुईचंपा | १९ जुलै, रात्री ९:२०

बांगडीचा फोटो टाक. आणि बाबांचा गुडघा कसा आहे?

शिंपली | १९ जुलै, रात्री ९:४८

गुडघा बरा आहे, जिना उतरतात आता. पण सकाळी अकराला घरी परत, कारण अकराचा चहा.

एक विचारायचं होतं. मागच्या दगडावर, घासून पांढरा झाला होता त्यावर, तांदळाएवढे जांभळट गुलाबी ठिपके आलेत. नखाने निघत नाहीत. बाबा म्हणतात हे घासू नकोस, चांगलं काहीतरी आहे.

दर्यावर्दी | १९ जुलै, रात्री १०:१०

बाबा बरोबर आहेत. कोरलाइन आहे ते, दगडावर चुन्याचा थर धरणारं चांगलं शैवाल. घासू नका. कॅल्शियम ४२० पीपीएम आणि क्षारीयता (अल्कलिनिटी) ८-९ डीकेएच आहे का तेवढं उद्या मोजा.